समजीविता आणि स्वेच्छानिवृत्ती

गेल्या वर्षावासात कळवण येथील उपासक-उपासिकांसमोर अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तावर तीन प्रवचने देण्याचा योग आला. तिसरे प्रवचन संपल्यावर एक उपासक थांबले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय अठ्ठेचाळीस, सेवा बावीस वर्षांची. बहुतेक सेवा आदिवासी पाड्यांवरील शाळांत झालेली. त्यांनी विचारले, "सर, घरावरचे कर्ज फिटले आहे. थोडक्यात भागवायची सवय आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरी करण्यापेक्षा आताच स्वेच्छानिवृत्ती घेऊन उरलेले आयुष्य धम्माच्या अभ्यासाला आणि समाजाच्या कामाला द्यावे, असे वाटते. धम्माला हे मान्य आहे का?" मी उत्तर देण्यापूर्वीच शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सर, हेही सांगा, की थोडक्यात भागवायचे म्हणजे नेमके कोणी भागवायचे?"

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे होते. दुसरा अधिक महत्त्वाचा होता. त्या सायंकाळी जे उत्तर दिले ते अपुरे होते. प्रस्तुत लेखात ते सविस्तर मांडण्याचा प्रयत्न आहे.

निवृत्ती कोणाची?

'निवृत्ती' हा शब्द आज सरकारी कागदावर साधा दिसतो. परंतु त्यामागे मोठा इतिहास आहे. वैदिक परंपरेच्या आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ आणि संन्यास सांगितले आहेत. अर्थार्जनातून बाहेर पडून चिंतनात आयुष्य घालविण्याची ती सोय होती. परंतु शूद्रांना आणि स्त्रियांना ती नव्हती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात आश्रमव्यवस्थेची चिकित्सा करताना नेमके यावर बोट ठेवले आहे. ज्यांच्या श्रमावर समाज उभा होता त्यांना श्रमातून मोकळे होण्याचा अधिकारच नव्हता.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वतनाकडे पाहिले म्हणजे याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. महार वतनदाराच्या कामाला वेळ नव्हती, मर्यादा नव्हती आणि वय झाले म्हणून सुटकाही नव्हती. पाटलाचा निरोप येईल तेव्हा उठावयाचे. एक जण आजारी पडला तर घरातील दुसऱ्याने त्याच्या जागी उभे राहावयाचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने संपुष्टात येण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांच्या कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न हाती घेतला आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. १९४५ च्या गांधी-काँग्रेसविषयक ग्रंथात त्यांनी यंत्राचे समर्थन केले तेही याच भूमिकेतून. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते. फुरसतीवाचून संस्कृती नाही. आणि फुरसत मूठभरांपुरती राहिली तर लोकशाही नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

म्हणून आपल्या समाजातील एखादा शिक्षक 'मला माझा वेळ हवा आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याला आळशी ठरविण्याची घाई करू नये. मोकळा वेळ ही चैन नव्हे. ज्या अनेक गोष्टी आपल्यापासून हिरावून घेण्यात आल्या त्यांपैकी ती एक आहे. मात्र ती परत मिळवावयाची कोणत्या मार्गाने आणि मिळाल्यावर तिचे करावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

समजीविता म्हणजे काय?

व्यग्घपज्ज सुत्त हे दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला दिलेले प्रवचन आहे. हा मनुष्य तथागतांपुढे कसलाही आव न आणता स्वतःची ओळख करून देतो. आपण मुलाबाळांच्या गजबजाटात राहणारे, काशीचे चंदन लावणारे, सोने-चांदी बाळगणारे गृहस्थ आहोत; आमच्यासारख्यांच्या इहलोकीच्या आणि पुढील हितासाठी काही सांगावे, अशी त्याची विनंती आहे. तथागत त्याला घर सोडावयास सांगत नाहीत. ऐहिक हितासाठी ते चार गोष्टी सांगतात: उट्ठानसम्पदा, म्हणजे उद्योगशीलता आणि कामातील कौशल्य, आरक्खसम्पदा, म्हणजे धर्म्य मार्गाने मिळविलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्तता, म्हणजे सज्जनांची संगत, आणि समजीविता, म्हणजे समतोल उपजीविका.

समजीवितेचे स्पष्टीकरण देताना तराजूचा दृष्टान्त येतो. तराजू धरणारा जसे पारडे किती झुकले आणि किती उचलले गेले हे ओळखतो, तसा गृहस्थाने आय आणि व्यय ओळखावा. याला दोन्हीकडून मर्यादा आहेत. अल्प प्राप्ती असून जो उधळपट्टीने राहतो त्याला उंबराची फळे खाणाऱ्याची उपमा दिली आहे. दोन फळांसाठी झाड हलवावे, ढीगभर फळे खाली पडावीत आणि बहुतेक वाया जावीत, असा हा प्रकार. उलट मोठी प्राप्ती असून जो कष्टप्रद रीतीने जगतो, त्याचे मरण अन्नावाचून मरणाऱ्या अनाथासारखे होईल, असे लोक म्हणतील.

ही दुसरी मर्यादा आपण विसरतो. संयुत्त निकायात सावत्थीच्या एका श्रेष्ठीची कथा आहे. तो निपुत्रिक मरण पावला तेव्हा त्याचे धन राजा पसेनदीने सरकारजमा केले. त्यात नाणीच ऐंशी लक्ष होती. हा श्रेष्ठी कण्यांची आंबट पेज खात असे, तागाचे जाडेभरडे वस्त्र नेसत असे आणि पानांचे छत लावलेल्या मोडक्या गाडीतून फिरत असे. तथागतांनी या काटकसरीची प्रशंसा केली नाही. निर्जन स्थळी असलेल्या, गोड पाण्याच्या परंतु कोणीच पीत नसलेल्या तळ्याशी त्यांनी त्या धनाची तुलना केली. स्वतः सुखी नाही, आई-वडील, पत्नी, मुले, नोकर सुखी नाहीत, कोणाला दान नाही. असे धन शेवटी राजा, चोर, आग किंवा पूर यांच्या स्वाधीन होते.

तेव्हा 'सन्तुट्ठि' म्हणजे कंजूषपणा नव्हे आणि दारिद्र्याचे गुणगानही नव्हे. गृहस्थासाठी दारिद्र्य हे दुःख आहे, असे अंगुत्तर निकायातील इण सुत्तात स्पष्ट सांगितले आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा आणि शेवटी बंधन, असा क्रमही तेथे दिला आहे. ज्याला पोटभर मिळतच नाही त्याला 'थोडक्यात राहा' असा उपदेश करणे हा धम्म नाही. पुरेसे मिळू लागल्यावर 'पुरेसे' म्हणजे किती, हे स्वतः ठरविता येणे म्हणजे सन्तुट्ठि.

काटकसरीचे निर्मळ रूप पाहावयाचे असेल तर विनयपिटकातील आनंद थेरांचा प्रसंग पाहावा. राजा उदेनाच्या अंतःपुरातून त्यांना पाचशे वस्त्रे मिळाली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने संशयाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. जुन्या चीवरांची पांघरुणे करू. ती विरली की गाद्यांची आवरणे, मग जमिनीवरील अंथरणे, मग पायपुसणी, मग झाडणी. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू, असे उत्तर आनंदांनी दिले. वस्तूचा आदर हा या काटकसरीचा पाया आहे. आपल्या आयांनी शिवलेल्या गोधड्या ज्यांनी पांघरल्या आहेत, त्यांना हा प्रसंग निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्रिरश्मी लेण्यातील हिशोब

साठविलेल्या धनाच्या उत्पन्नावर उपजीविका चालवून वेळ मोकळा ठेवण्याची कल्पना आधुनिक समजली जाते. परंतु आपल्या नाशिक जिल्ह्यातच तिचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा आहे. लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात त्या त्रिरश्मी लेण्यांत, क्रमांक १० च्या लेण्याच्या व्हरांड्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून दिले. अक्षयनीवी म्हणजे मूळ रकमेला कधीही हात न लावता केवळ व्याज उपभोगावयाचे, असे दान. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. हिशोब तंतोतंत जुळतो. दुसऱ्या रकमेचे ९० कार्षापण किरकोळ आहारासाठी होते. भिक्खूंनी चिंता न करता अध्ययन आणि ध्यान करावे यासाठी वर्षाच्या खर्चाच्या नऊ पटीहून थोडी अधिक रक्कम पुरेशी मानली गेली होती.

या दगडातील हिशोबाला पुढे काय झाले, हेही त्याच परिसरात दिसते. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य बदलले, नाण्यावरील मुद्रा बदलली. 'अक्षय' म्हणून ठेवलेले धनदेखील राजसत्तेच्या उलथापालथीबाहेर नसते.

लेणे क्रमांक ३ मधील लेख आणखी बोलका आहे. उषवदाताकडे असलेले शेत गौतमीपुत्राने त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले. परंतु पुढील लेखात असे नमूद आहे, की दान दिलेले एक शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी दुसरी शंभर निवर्तने जमीन देण्यात येत आहे. कसणारा नसेल तर जमीन पिकत नाही, आणि विणणारा नसेल तर व्याज मिळत नाही. वीस भिक्खूंच्या वर्षावासामागे गोवर्धनच्या विणकरांचे माग चालत होते. कोणाचाही मोकळा वेळ हा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभा असतो, ही जाणीव या शिलालेखांतून घ्यावयाची आहे. बँकेतील ठेवीवर वा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यालाही ती लागू आहे. कळवणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्याला आणि गिरणेच्या खोऱ्यात निंदणी करणाऱ्या मजूर बाईला स्वेच्छानिवृत्ती नाही. ज्याला ती मिळते त्याने हे विसरता कामा नये.

आजचा हिशोब

आता व्यवहाराकडे वळू. उत्पन्नाचा दहावा हिस्सा शिल्लक टाकणाऱ्याने नऊ वर्षे काम केले की एका वर्षाचा खर्च साठतो. चौथा हिस्सा टाकणाऱ्याला त्यासाठी तीन वर्षे लागतात. निम्मे शिल्लक टाकणाऱ्याचे प्रत्येक वर्ष पुढील एक वर्ष विकत घेते. व्याज न धरताही हे गणित खरे आहे. म्हणजे निवृत्ती किती लवकर शक्य आहे हे पगारापेक्षा पगार आणि खर्च यांतील अंतरावर अधिक अवलंबून असते. सिगालोवाद सुत्तातील धनाची विभागणी येथे आठवते: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात, चौथा भाग आपत्तीसाठी. हे प्रमाण व्यापारी गृहस्थाचे आहे. पगारदाराला ते जसेच्या तसे पाळता येणार नाही. परंतु उपभोग हा मिळकतीचा एक अंश असावा, सगळी मिळकत नव्हे, ही दृष्टी त्यात आहे.

अमेरिकेतील अर्थसल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तेथील आकडेवारीवरून असे दाखविले, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम घेऊन पुढे महागाईच्या मानाने ती वाढवीत गेल्यास पुंजी किमान तीस वर्षे पुरते. यावरून वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट पुंजी असावी, असा ठोकताळा रूढ झाला. दरमहा ३०,००० रुपये खर्च असेल तर वर्षाला ३,६०,००० आणि पंचवीस पट म्हणजे ९० लाख रुपये. खर्च ६,००० रुपयांनी कमी झाला तर लागणारी पुंजी १८ लाखांनी कमी होते. काटकसर दोन बाजूंनी काम करते, ती अशी: शिल्लक वाढते आणि गरज घटते.

परंतु हा ठोकताळा तिकडच्या बाजाराचा आणि तीस वर्षांपुरता आहे. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने चाळीस वर्षांचा विचार केला पाहिजे, आणि आपल्याकडील महागाई व औषधोपचाराचा खर्च वेगळा आहे. म्हणून पंचवीस पट ही कमाल नव्हे, तर किमान रेषा समजावी. रुपयाची क्रयशक्ती घसरली म्हणजे ठरावीक उत्पन्नावर जगणारा सर्वाधिक भरडला जातो. बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात रुपयाच्या मूल्याच्या स्थैर्यासाठी जो आग्रह धरला, त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी असा थेट संबंध आहे. उषवदाताचे बारा कार्षापण दगडात कोरलेले होते. कापडाचा भाव मात्र दगडात कोरता येत नाही.

राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याला वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. जे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आले त्यांना जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतनाचा आधार आहे. त्यांनी पंचवीस पटीचा हिशोब संपूर्ण खर्चावर न करता निवृत्तिवेतन वजा जाता उरणाऱ्या खर्चावर करावा. त्यानंतर सेवेत आलेल्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांनी आपल्या खात्यातील संचित रक्कम आणि मुदतीपूर्वी बाहेर पडण्याचे नियम लेखा विभागाकडून लेखी समजून घेतल्याशिवाय अर्ज करू नये.

आणखी एक शंका आपल्या समाजात हमखास घेतली जाते: राखीव जागेवर लागलेल्या माणसाने ती जागा लवकर सोडणे म्हणजे हक्क गमावणे नव्हे काय? आर. के. सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली घालून दिलेल्या तत्त्वानुसार, बिंदुनामावलीत राखीव प्रवर्गाने धारण केलेले पद रिक्त झाले तर ते त्याच प्रवर्गातून भरावयाचे असते. तत्त्व असे आहे. परंतु भरती रखडली किंवा पदच रद्द झाले, तर पाड्यावरील मुलांना ना जुना शिक्षक राहतो ना नवा येतो. म्हणून निवृत्त होणाऱ्याची जबाबदारी अर्जावर सही करून संपत नाही. आपली जागा भरली जावी यासाठी त्याने पाठपुरावा केला पाहिजे.

पगार सोडणारे दोघे

आपल्या परंपरेत उत्पन्न कमी करून वेळ मिळविल्याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

पहिले आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने बुद्धाच्या शोधात काशी, नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश पालथे घातले आणि पालि आत्मसात केली. १९०८ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठ त्यांना दरमहा २५० रुपये देण्यास तयार होते. त्याच वेळी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडून विचारणा झाली: महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे, दरमहा ५० रुपये मिळतील, वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कोसंबींनी अडीचशे सोडून पन्नास स्वीकारले. मराठी माणसाला मराठीत बुद्ध सांगावयाचा होता, हे त्यामागचे कारण. पुढे ते हार्वर्डला गेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविले, मुंबईत परळ भागात बहुजनविहार उभारला, 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ लिहिला. आज मराठीत पालि साहित्याचा जो पाया आहे, त्यात त्या सोडलेल्या दोनशे रुपयांचा वाटा आहे.

दुसरे उदाहरण स्वतः बाबासाहेबांचे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. तरीही परळच्या चाळीतील दोन खोल्यांत कुटुंब राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम आणि उरलेली शिल्लक, असा क्रम त्यांनी ठेवला. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ती शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. सव्वा वर्षाच्या काटकसरीने त्यांनी पुढील तीन वर्षांच्या अभ्यासाची पायाभरणी केली.

दोघांनीही पगार सोडला, काम सोडले नाही. या दोन्ही उदाहरणांचे मर्म येथे आहे.

काटकसरीचा भार

परंतु येथे त्या बाईंचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कोसंबी १८९९ साली घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी आणि लहान मुलगी होती. बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास करीत होते तेव्हा परळच्या खोल्यांत तोकड्या पैशांत संसार ओढला तो रमाईंनी. अपत्यांचे मृत्यू पाहिले, तेही त्यांनीच. बाबासाहेबांना याची जाणीव होती. आपला पाकिस्तानविषयक ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण करताना त्यांनी आपल्या बरोबरीने सोसण्याच्या त्यांच्या तयारीचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. पुरुषाच्या साधेपणाची किंमत बहुधा स्वयंपाकघरात मोजली जाते. नोकराणी कमी केली की भांडी कोण घासते, हे हिशोबाच्या वहीत लिहिलेले नसते.

पालि वाङ्मय या बाबतीत मौन नाही. व्यग्घपज्ज सुत्ताच्या उत्तरार्धात पुढील हितासाठी चार सम्पदा सांगितल्या आहेत: सद्धा, सील, चाग आणि पञ्ञा. अंगुत्तर निकायातच दुसऱ्या एका सुत्ताचे नाव 'समजीवी' असे आहे. ते नकुलपिता आणि नकुलमाता या दाम्पत्याला उद्देशून आहे. पती-पत्नींना सहजीवन टिकवावयाचे असेल तर दोघे सद्धा, सील, चाग आणि पञ्ञा यांत सम असावेत, असे तथागत तेथे सांगतात. चार गुण तेच आहेत. 'सम' शब्दही तोच आहे. एका ठिकाणी तो आय-व्ययाच्या समतोलासाठी येतो, दुसऱ्या ठिकाणी दोन माणसांच्या समतेसाठी. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडू नयेत. जो समतोल घरातील एकाच व्यक्तीच्या पाठीवर तोलला जातो, त्याला समजीविता म्हणता येणार नाही.

नकुलपिता गंभीर आजारी पडला तेव्हा नकुलमातेने त्याला दिलेला धीरही लक्षात घ्यावा. तुमच्यामागे मुलांचे कसे होईल याची चिंता करू नका, मला सूत काततां येते, लोकर पिंजता येते, घर मी चालवीन, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. तिच्या हातात कसब होते आणि म्हणून तिच्या शब्दाला वजन होते. सिगालोवाद सुत्तात पतीच्या पाच कर्तव्यांत पत्नीला घरातील अधिकार सोपविणे हे एक आहे. तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कार्यालयात जाण्यापूर्वी घरातील वही दोघांसमोर उघडली पाहिजे. आणि एकाला मिळणाऱ्या मोकळ्या वेळातील किती तास दुसऱ्याला मिळणार, हे त्या वहीत आधी लिहिले पाहिजे.

मोकळा वेळ कशासाठी?

निवृत्त होऊन सकाळ वर्तमानपत्रात आणि दुपार दूरचित्रवाणीपुढे घालवावयाची असेल, तर शाळेतील फळा अधिक बरा. 'उट्ठान' या शब्दाचा मूळ अर्थ उठून उभे राहणे असा आहे. नोकरी संपली तरी उट्ठान संपत नाही. संबोधीनंतर तथागत पंचेचाळीस वर्षे चारिका करीत राहिले. ऐंशीव्या वर्षी कुसिनारा येथे अखेरच्या रात्री सुभद्द भेटावयास आला, तेव्हा आनंदांनी त्याला अडविले. तथागतांनी मात्र त्याला आत बोलावून धम्म सांगितला. या अर्थाने धम्मात निवृत्ती नाहीच.

मज्झिम निकायातील घटिकार कुंभार हा गृहस्थांसाठी अधिक जवळचा आदर्श आहे. तो आपल्या अंध आणि वृद्ध आई-वडिलांना सांभाळीत असे. म्हणून त्याने प्रव्रज्या घेतली नाही. त्याने सोने-चांदी सोडले होते. तो मडकी घडवून ठेवी आणि ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग किंवा हरभरा ठेवून मडके न्यावे, असे म्हणे. त्याने जबाबदारी टाकली नाही, कामही टाकले नाही. कामाचा लोभ तेवढा टाकला. बुद्ध कस्सपाच्या तोंडी त्याची मोठी प्रशंसा आली आहे.

कळवणसारख्या तालुक्यात मोकळा वेळ असलेल्या शिकलेल्या माणसासाठी काम थोडे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे, त्यांची कागदपत्रे, अपिले हे सारे असा माणूस मागते, ज्याला वाचता येते, लिहिता येते आणि कचेरीबाहेर दिवसभर बसण्याची ज्याला मोकळीक आहे. नोकरदाराकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाही. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालविणे, जातपडताळणीचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवणे, स्वतः पालि शिकून मुलांना शिकविणे ही कामे पगाराने होत नाहीत, वेळेने होतात. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले होते. ज्याची मिळकत घटणार आहे, त्याने हा हिस्सा वेळेच्या रूपाने द्यावा. आणि वेळ पुष्कळ असेल तर विसाव्या हिश्श्यावर थांबू नये.

त्या शिक्षक उपासकांना मी शेवटी एवढेच सुचविले, की एक वर्ष प्रयोग करावा. येणाऱ्या निवृत्तिवेतनाइतक्याच रकमेत घर चालवावे, उरलेला पगार बाजूला ठेवावा, आणि रविवारी व सुट्टीत ते काम सुरू करावे, जे निवृत्तीनंतर करावयाचे म्हणतात. वर्षअखेरीस दोघांनी मिळून वही पाहावी. वही जुळली आणि रविवारच्या कामाने मन भरले, तर अर्ज करावा. रविवारचे काम चार आठवड्यांत सुटले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पाड्यावरील मुलांना शिकवीत राहावे. तेही सम्मा आजीवच आहे, आणि त्यात उणेपणा काहीच नाही.

बाईंनी वही ठेवण्याचे काम आपल्याकडे घेतले. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, तेव्हा त्या वहीची तीन पाने भरली होती. त्यातील एक रकाना पैशांचा नव्हता. घरकामाचे तास कोणाचे किती, याचा तो रकाना होता.